केळीचा खांब

निर्मळ, २ एप्रिल २०२५

चि. श्रीरंग,

आशीर्वाद लिहिण्याचा माझा हक्क उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे ही गोष्ट काही ब्लॉक करता येत नाही. म्हणून आशीर्वाद.

पाकीट पाहून तुला वाटेल कोर्टाची नोटीस आली. तसं काही नाही. फोनवर तू मला बंद केलंस, कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, मग राहिला कोण, तर पोस्टमन. निर्मळहून विरारला तुझ्या तेराव्या मजल्यापर्यंत तुझी वहिनी जयवंती स्कूटरवरून अर्ध्या तासात वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी पोचवून येते. दर वर्षी पोचवते. मला हे माहीत नाही असं तिला वाटतं. तेवढं राहू दे.

कामाचं लिहितो. या वर्षी बावखल साफ करायचं ठरवलं आहे, ११ मे, रविवार. गेली तीन वर्षं ते तसंच राहिलं. तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, काठाशी गाळ, मधे मात्र अजून दीड पुरुष पाणी. आजूबाजूची तीन बावखलं बुजवली. एकावर इमारत झाली आणि तिचं नाव ठेवलं ‘लेक व्ह्यू’. लेक तिच्या पायाखाली आहे, व्ह्यू समोरच्या गटाराचा. आपलं तेवढं उरलं. वाडी दोघांची, बावखल दोघांचं, म्हणून कळवणं माझं काम. ये असं म्हणत नाही. कळवतो.

दुसरं, तुझा दोस्त सॅन्टन या महिन्याअखेर निवृत्त होतो. राजोडीच्या किनाऱ्यावर बारा वर्षं जीवरक्षक म्हणून उभा राहिला; शनिवार-रविवारी पिऊन समुद्रात शिरणाऱ्या किती जणांना त्याने कॉलर धरून बाहेर काढलं, त्याची मोजदाद नाही. गावातलं मंडळ ४ मेला त्याचा सत्कार करणार आहे. मानपत्र लिहायला अर्थातच मी. वर्षभर मी ज्यांची टिंगल करतो ते लोकही सत्काराच्या वेळी माझ्याकडेच येतात. आपल्याकडे नायक ठरवतो फ्लेक्सवाला, आणि विशेषणं मी पुरवतो.

मानपत्र म्हटलं की २०१२ चा मे येणार. बावखलात पडलेली सहा वर्षांची नताशा, आणि उडी मारणारा सॅन्टन. मला तेवढंच लिहायचं आहे. बाकीचं जुनं झालं. कथेतल्या माणसाचं नाव मी वेगळं ठेवलं होतं, हे तुलाही आठवत असेल.

तुझा,
हरिश्चंद्र

(आईबाबांनी हे नाव ठेवून मला लेखक होऊ दिलं, याचं आजही नवल वाटतं.)


निर्मळ, १३ एप्रिल २०२५

चि. श्रीरंग,

तुझं उत्तर नाही, ते येईल असं धरलंही नव्हतं. पण आता लिहिणं भाग आहे, कारण काल तुझी इशिता घरी आली होती.

बारा वर्षांनी ती फाटकातून आत आली आणि जयवंतीने तिला हाक मारण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मुलगी उंच झाली आहे. चालते तुझ्यासारखी, जरा पुढे झुकून, जणू कोणीतरी मागून हाक मारील आणि तिला ती ऐकायची नाही.

मराठी घेऊन बीए करते, हे मला जयवंतीकडून कळलं होतं. तिला कॉलेजात सत्राअखेरचा प्रकल्प आहे, ‘कथेतील नायक’. बाईंनी प्रत्येकाला एकेक कथा वाटून दिली. पन्नास कथांमधून हिच्या वाट्याला ‘पळपुटा’ आली. माझी.

तिने वाचली. मग पुन्हा वाचली. कथेत दगडी पायऱ्यांचं बावखल आहे, काठावर वाकडी चिंच आहे, आणि साफसफाईच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, पाण्यात पडलेल्या मुलीला सोडून केळीच्या बागेत पळणारा एक माणूस आहे. त्याचे कान कसे होते तेही मी लिहिलं होतं. सुचलं म्हणून लिहिलं. तुझे कान, श्रीरंग.

चहा न घेता ती म्हणाली, “काका, हा माणूस बाबा आहेत का?”

मी तीस वर्षं लोकांच्या वर्मावर बोट ठेवून पोट भरलं. मला एका एकोणीस वर्षांच्या मुलीने अंगणात उभं केलं आणि मी काय म्हणालो असेन? कथा म्हणजे कल्पना असते, बाळा. लेखक दहा ठिकाणचं उचलतो. पात्र हे कोणा एका माणसाचं नसतं. हीच वाक्यं मी शिबिरांतून सांगतो, प्रवासखर्च घेऊन.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबांना विचारलं तर ते उठून गॅलरीत गेले. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझ्या काकांना विचार. मग तिने वही उघडून तिच्या प्रकल्पाचं नाव दाखवलं: ‘भित्र्या माणसाचा अभ्यास’. ५ मेला तोंडी परीक्षा आहे. बाईंसमोर आणि वर्गासमोर बोलायचं आहे.

जाताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. ती आठ वर्षांची असताना तू तुमच्या सोसायटीच्या तलावात पोहायला शिकलास. लहान मुलांच्या वर्गात. पोटाला नारिंगी फुगे बांधून, बेचाळिसाव्या वर्षी, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत. पोरं हसायची, मास्तरही हसायचा, आणि तू रोज जायचास. तिला तेव्हा तुझी लाज वाटायची, म्हणाली.

आपल्याला पाण्यात उतरायची बंदी होती ना. वसंतमामा बुडाला आणि आईने दोघांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली. बावखलाच्या काठावर वाढलेले आणि पोहता न येणारे गावात दोघेच, आपण. सगळ्या वाड्यांतली पोरं केळीचे खांब पोटाखाली घेऊन हातपाय मारायला शिकली आणि आपण पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळले.

तू का शिकलास, हे तिला कळलेलं नाही.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगू, ते तू कळव.

हरिश्चंद्र


निर्मळ, २१ एप्रिल २०२५

चि. श्रीरंग,

मानपत्रासाठी माहिती घ्यायला काल राजोडीला गेलो. सॅन्टन घराच्या ओट्यावर बसून जाळं विणत होता. निवृत्तीनंतर काय करणार, असं विचारलं तर म्हणाला, “पानी बघत बसायचं. इतकी वर्षं पानी सोडून मानसंच बघितली.”

मी वही काढली. जन्म, शिक्षण, अशी सुरुवात केली. मग बावखलाशी आलो. उडी कशी मारलीस, मनात काय होतं, असे आमचे नेहमीचे मूर्ख प्रश्न. सॅन्टनने सुई बाजूला ठेवली.

“हरीभाऊ, उडी मारली ते खरं. पन पोरीला मी काढली नाय.”

मी पेन थांबवलं.

तो सांगत गेला. नताशाने मानेला मिठी मारली, त्याला श्वास घेता येईना. काठाकडे यायला लागला तर पाय गाळात रुतले. तीन दिवस गाळ ढवळला होता ना आपण. समुद्रात जन्म काढलेला माणूस, पण समुद्राला तळाशी असा चिकट हात नसतो. दोनदा खाली गेला. मुलीचं तोंड वर धरायचं तर आपण खाली जायचं, एवढं एकच सुचत होतं. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा छातीला केळीचा खांब लागला. ताजा तोडलेला, चीक गळत असलेला. त्याने मुलीला त्यावर घातलं, खांबाचं टोक स्वतः बगलेत धरलं, आणि काठाला आला.

“तो खांब काय देवाने धाडला? श्रीरंगने लोटला, वाडीच्या बाजूने. कोयता मारताना त्याचा हात मी बघितला.”

म्हणजे तू पळालास, हे बरोबर. पोहता न येणाऱ्या माणसाने उडी मारली असती तर सॅन्टनला दोघांना ओढावं लागलं असतं. तू केळीत शिरलास, लोंगर उतरवलेली केळ शोधलीस, ती आडवी केलीस, पाण्यात लोटलीस, आणि तिथूनच वरच्या रस्त्याला रिक्षा आणायला धावलास. लोक आले ते गल्लीच्या बाजूने. त्यांनी काय पाहिलं? पाण्यातून येणारा सॅन्टन, आणि केळीत दिसेनासा होणारा तू. बावखल साफ करायच्या दिवशी पाण्यात केळीचा खांब तरंगतोय, तर त्याकडे कोण बघणार? कचराच तो. रिक्षा घेऊन आलास तेव्हा कोणीतरी विचारलं, कुठे पळाला होतास? तू बोलला नाहीस.

का बोलला नाहीस, तेही सॅन्टनने सांगितलं. पुढच्या महिन्यात किनाऱ्यावर जीवरक्षकांची भरती होती. त्याला ती नोकरी पाहिजे होती, दुसऱ्याच्या बोटीवर राबून कंटाळला होता. आणि तू त्याला म्हणालास, खांबाचं बोलू नको. जीवरक्षकाला केळीने वाचवलं असं कळलं तर तुला कोण घेईल? आधी नोकरी लागू दे.

नोकरी लागली जुलैत. माझी कथा आली दिवाळीत.

श्रीरंग, मला हे आजवर माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती कथा लिहिलीच नसती. सॅन्टनने सांगितलं तेव्हा मी सुन्न झालो.

शेवटी तो आणखी एक वाक्य बोलला. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

इशिताला सांगावं लागेल. मानपत्र उरकलं की सांगतो. ४ तारखेनंतर बघू.

हरिश्चंद्र


निर्मळ, ४ मे २०२५

श्रीरंग,

आज ‘चिरंजीव’ लिहीत नाही. आशीर्वाद देण्याची उंची आज माझ्यात नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मला माहीत नव्हतं. ते खोटं होतं. आधीच्या पत्रातही मी एक गोष्ट गाळली, आणि तू ती गाळलेली पाहिली असशीलच. त्या दुपारी काठावर तिसरा माणूस होता. सॅन्टन पाण्यात, तू केळीत, आणि मी? मी चिंचेला हात लावून उभा होतो. ओरडलोही नाही. ओरडली ती नताशाची आजी, गल्लीतून. माझे पाय हलत नव्हते, तोंड उघडत नव्हतं. आणि मी सगळं पाहत होतो. तू कोयता मारलास ते पाहिलं. खांब पाण्यावर आपटला तो आवाज ऐकला. तो सरकत सॅन्टनपर्यंत गेला तेही पाहिलं.

नंतर कोणी मला विचारलंच नाही, तू काय करत होतास. काठावर उभा असलेला माणूस कोणाला दिसत नाही. पळणारा दिसतो.

तीन महिने मला झोप नव्हती. मग मी कथा लिहिली आणि झोप आली. पहिल्या खर्ड्यात खांब होता, श्रीरंग. कपाटात तो खर्डा अजून आहे. पण खांब ठेवला की पळणारा माणूस भित्रा राहत नव्हता, आणि तो भित्रा राहिला नाही तर मग त्या काठावर भित्रा कोण, असं वाचकाने विचारलं असतं. म्हणून मी खांब काढला. कथा सुबक झाली. बक्षीसही मिळालं. कथेतल्या नायकाला पाण्याकडे धावावं लागतं. पाण्याकडे पाठ करून धावणारा नायक कोणाला समजावत बसायचं? असं मी स्वतःला सांगितलं, तांत्रिक कारण म्हणून.

सॅन्टनचं ते न लिहिलेलं वाक्य आता लिहितो. दिवाळीत कथा आल्यावर तो तुझ्याकडे भांडायला आला होता, मी आता गावात सगळं सांगतो म्हणून. तेव्हा तू त्याला म्हणालास, “थांब. दादाने पाहिलंय. दादा सांगेल.”

साडेबारा वर्षं तू वाट पाहिलीस.

आज सत्कार होता. राजोडीला मंडप, फ्लेक्स, त्यावर काळा चष्मा घातलेला सॅन्टन. त्याने जन्मात चष्मा घातलेला नाही. तो संगणकावर घातला. मानपत्र आठ दिवसांपूर्वीच छापून काचेत बसवलं होतं. माझंच लेखन. ‘निधडी छाती’ दोनदा, ‘दर्याचा पुत्र’ तीनदा. मी ते वाचलं. टाळ्या झाल्या. निवेदिका माईक घ्यायला आली आणि मी तो दिला नाही. म्हटलं, काचेच्या बाहेरचं थोडं वाचायचं राहिलं आहे.

मग बोललो. कागद नव्हता. नाव घेऊन बोललो, तुझं आणि माझं. खांब कोणी तोडला, कोणी लोटला, कोणी पाहिला आणि कोणी लपवला. विनोद एकही केला नाही, त्यामुळे लोकांना सुरुवातीला कळेना की हसायचं कधी. मागच्या रांगेतले दोघेतिघे तरी हसले, सवयीने. मंडळाच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी थांबल्यावर सॅन्टन खुर्चीतून उठला, काचेतलं मानपत्र माझ्या हातातून घेतलं आणि माईकवर एवढंच म्हणाला, “आता बरं वाटलं.” त्यावर निवेदिकेने यानंतर अल्पोपाहार आहे असं जाहीर केलं, आणि लोक वडापावकडे वळले. जगाचं असंच आहे, आणि मला त्याचा आज राग आला नाही. नताशा होती. नर्सिंग शिकते आहे. ती माझ्याशी बोलली नाही. तिने सॅन्टनला विचारलं, श्रीरंगकाका कुठे राहतात?

इशिता आली होती. तिला मी काल संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं होतं, मंडपात पहिल्यांदा ऐकायला लागू नये म्हणून. कार्यक्रमानंतर ती वाळूत माझ्या शेजारी उभी राहिली, वही छातीशी धरून.

“काका, तुम्ही काठावर का थांबलात?”

घाबरलो होतो, म्हटलं.

“आणि बाबा?”

तोही घाबरला होता. त्याचा चेहरा मी पाहिला होता, माझ्याइतकाच पांढरा.

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही. उद्या तिची परीक्षा आहे. ‘भित्र्या माणसाचा अभ्यास’ हे नाव तिने खोडलेलं मात्र मला दिसलं.

प्रकाशकाला कळवलं आहे, पुढच्या आवृत्तीत ‘पळपुटा’ घेऊ नये. तो म्हणाला, तीच तर चालते. म्हटलं, मग खांबासकट छाप.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलं आहे.

दादा


निर्मळ, ११ मे २०२५, संध्याकाळ

श्रीरंग,

तू गेल्याला दोन तास झाले. समोर असताना जे बोलायचं होतं ते मला बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा पोस्टमनच्या गळ्यात पडतो.

सकाळी सात वाजता फाटक वाजलं तेव्हा मला वाटलं गाळ उपसणारी माणसं आली. तू होतास, हाफ पँट आणि जुना टी-शर्ट, मागे इशिता. मला ओलांडून तू स्वयंपाकघराच्या दारात गेलास आणि जयवंतीला म्हणालास, “वहिनी, या वर्षीची सुकेळी जरा कडक झाली.” बारा वर्षांनंतर या घरात बोललेलं हे पहिलं वाक्य. ती म्हणाली, ऊन जास्त होतं, भावजी. आणि दोघं असे बोलत राहिलात की मला कळलं, सुकेळीबरोबर बाकीचंही सगळं जात-येत होतं.

तू दिवसभर घमेली उचललीस. माझ्याकडून दोनदा घमेलं घेतलंस, डोळे वर न करता. गाळ केळीच्या आळ्यांत पडत गेला. इशिताला पायरीवर बसवून जयवंतीने परीक्षेचं विचारलं. तिने सांगितलं ते मीही ऐकलं आणि तूही, जरी तू पाठमोरा होतास. बाईंनी विचारलं होतं, तुझ्या मते या कथेचा नायक कोण? ती म्हणाली, जो कथेतून काढून टाकला तो. बाईंना तो सिद्धान्त वाटला. चांगले गुण मिळाले.

जेवण झालं. तीच वेळ, तेच ऊन. बाकीचे घरी गेले. तू कोयता घेऊन केळीत शिरलास. आवाज आला, एक, दोन, तीन. लोंगर उतरवलेली केळ आडवी झाली. खांब खांद्यावर घेऊन तू आलास, पायऱ्यांपाशी पाण्यात टाकलास, स्वतः उतरलास, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस.

“दादा, उतर.”

मी म्हटलं, मला पोहता येत नाही. जणू तुला माहीत नव्हतं.

“मला माहीत आहे. उतर.”

आईची शपथ आठवली, माझं वय आठवलं, पोट आठवलं. चिंच जवळच होती, हात लावून उभं राहायला सोयीची. इशिता बघत होती. मी सदरा काढला, दुमडून पायरीवर ठेवला, लहानपणी दुसऱ्यांचे ठेवायचो तसा. उतरलो. गुडघा, कंबर, छाती. मग पायरी संपली.

“दोन्ही हातांनी धर. पाय सोड.”

सोडले. नाकात पाणी गेलं, मी ओरडलो, त्या दिवशी जे ओरडायला हवं होतं ते सगळं बहुतेक आज ओरडलो. चिंचेवरचे बगळे उडाले. इशिता इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. तू हसला नाहीस. चीक हातांना चिकटत होता, खांब गोल फिरायला बघत होता आणि तरी फिरला नाही. हळूहळू मध्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

तू अंग पुसलंस आणि गेलास. पुढच्या रविवारी येतोस असं इशिताने जयवंतीला सांगितलं. मला कोणी सांगितलं नाही. मी ऐकलं.

एक गोष्ट नोंदवतो आणि पत्र संपवतो. खांब फिरला नाही, कारण पलीकडून तू तो धरला होतास, पाण्याखालून, एका हाताने. तुला वाटलं असेल मला दिसलं नाही. मी पाहिलं. या वेळी लिहून ठेवतो आहे.

दादा